शस्त्रवहन कायदे आणि हिंसक गुन्ह्यांची आकडेवारी

नागरिकांनी भरलेले पिस्तूल लपवून जवळ बाळगण्यास मुभा देणारे अमेरिकेतील राज्य कायदे आणि खून, बलात्कार, लूटमार व गंभीर हल्ला या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण यांच्या संबंधाविषयीचा वाद. फ्लोरिडाने 1987 मध्ये ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक केले आणि पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. जॉन लॉट व डेव्हिड मस्टर्ड या संशोधकांनी 1977 ते 1992 या काळातील काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे साधारणतः जिल्हा) आकडे तपासून अशा कायद्यांमुळे हिंसक गुन्हे घटतात, असा निष्कर्ष 1997 मध्ये मांडला. मात्र 1980 नंतरच्या क्रॅक कोकेनच्या लाटेचा तडाखा न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा कडक कायद्यांच्या राज्यांतील महानगरांना विशेष बसल्याने ही तुलनाच सदोष ठरते, हा टीकाकारांचा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने 2004 मध्ये उपलब्ध पुरावा कोणत्याही बाजूने निर्णायक नसल्याचे सांगितले. जेम्स विल्सन या एका सदस्याने खुनांपुरते भिन्नमत नोंदवले. संशोधक जॉन डोनोह्यू व सहकाऱ्यांनी 2019 मध्ये, कायदा न झालेल्या राज्यांच्या भारित सरासरीतून काल्पनिक तुल्य राज्य रचण्याची पद्धत वापरून, कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे 13 ते 15 टक्क्यांनी अधिक आढळल्याचे दाखवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2022 च्या ब्रुएन खटल्यात परवान्यासाठी विशेष कारण दाखवण्याची न्यूयॉर्कची अट रद्द करताना आकडेवारीऐवजी ऐतिहासिक परंपरा हाच निकष मानला.