'रिझर्व्ह' : शब्द एक, अर्थ अनेक



इंग्रजीचा एखादा शब्द शिकताना आपण त्याचा एक मराठी अर्थ वहीत उतरवून घेतो आणि काम झाले असे समजतो. परंतु काही शब्दांचा इतिहास पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ पुरता हाती लागत नाही. 'रिझर्व्ह' हा त्यांपैकीच एक. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांत इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही तो असतो. रेल्वेची जागा रिझर्व्ह करतात. पेट्रोल संपत आले की 'गाडी रिझर्व्हला लागली' म्हणतात. कमी बोलणारा माणूस 'स्वभावाने रिझर्व्ह' ठरतो. बंदोबस्ताला राज्य राखीव पोलीस दल येते, निवडणुकीत मतदारसंघ राखीव असतो आणि गावाची शीव ओलांडली की राखीव जंगल लागते.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मागे राखून ठेवणे' असा आहे. पाण्याच्या साठ्याला 'रिझर्व्हॉयर' म्हणतात, तेही याच मुळातून. नोटा काढणे व देशाची गंगाजळी राखणे यासाठी १९३५ साली जी बँक स्थापन झाली, तिचे नाव म्हणून रिझर्व्ह बँक. मराठीने मात्र या एका शब्दाची वाटणी केली. जंगल 'राखीव' झाले, नोकरीत 'आरक्षण' आले आणि इंग्रजीतला 'टायगर रिझर्व्ह' मराठीत 'व्याघ्र प्रकल्प' झाला. अशा वाटणीमुळे या सर्वांचे मूळ एक आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

राखून ठेवणे म्हटले की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. कोणासाठी राखले? आणि कोणापासून राखले? शब्द याचे उत्तर देत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

१८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे प्रकार पाडले. 'संरक्षित' जंगलात जे मना केले असेल तेवढेच करावयाचे नाही. 'राखीव' जंगलात याच्या उलट. तिथे जे करू दिले असेल तेवढेच करावयाचे, बाकी सर्व गुन्हा. १९२७ च्या कायद्यातही हीच रचना आली आणि तो कायदा आजही लागू आहे. जंगल राखीव करण्यापूर्वी गावोगावी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढावा, लोकांना हक्क मांडण्यास किमान तीन महिने द्यावेत, असे त्यात आहे. परंतु जो हक्क कोणी मांडला नाही, तो सामान्यतः संपुष्टात येतो, असेही त्यात आहे. आता विचार करा. घरात माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या ज्या वस्तीत वाचता येणारा एकही माणूस नसेल, तिथे त्या जाहीरनाम्याचा उपयोग काय? घरासाठी लाकूडफाटा, कुंपणाला बांबू, गुरांना चराई, अशा ज्या गरजांना आपल्याकडे 'निस्तार' म्हणतात, त्या पिढ्यान् पिढ्या जंगलातूनच भागत आल्या होत्या. एका शब्दाने हक्काचे रूपांतर सवलतीत झाले.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राखल्यामुळेच पुष्कळ जंगल उभे राहिले. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा सुमारे सहा हेक्टरांचा जुन्या वृक्षांचा तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. आज तेथील वाघ पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. पण त्याच वाघांसाठी बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांना आपली जागा सोडून दुसरीकडे वसावे लागले, हेही विसरता कामा नये.

राखून ठेवण्याची कल्पना इंग्रजांनीच प्रथम काढली असे नाही. अरबस्तानात राखीव कुरणाला 'हिमा' म्हणत. इस्लामपूर्व काळी बलाढ्य सरदार चांगली कुरणे स्वतःच्या कळपांसाठी अडवून ठेवीत. पैगंबर साहेबांनी (स.) ही खाजगी मिरासदारी बंद केली व हिमा सार्वजनिक कामासाठी ठेवली. पुढे हजरत उमर (र.) यांनी हिमाच्या राखणदाराला बजावले की, ज्यांच्याजवळ थोडीच जनावरे आहेत त्यांना आत येऊ द्या. श्रीमंतांची जनावरे मेली तर त्यांना शेती व बागा आहेत, गरिबाचे मात्र सर्वस्व जाईल. राखीव कुरण तेच, पण 'कोणासाठी' हे बदलताच त्याचा अर्थ बदलला.

आपल्या संविधानानेही हा शब्द असाच वळविला. १९५० साली कलम ३३० व ३३२ अन्वये लोकसभेत व विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. आज गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघ आणि आरमोरी, गडचिरोली, अहेरी हे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. ज्या आदिवासी माणसाला राखीव जंगलाने दार लावले, त्यालाच राखीव जागेने दार उघडले. शब्द मात्र तोच!

पुढे जंगलाचे दारही थोडे उघडले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने अभ्यास गट काढून जंगल व कायदे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आता ते जंगल गावच राखते. जाहीरनामा वाचता न आल्याने हक्क गमावण्याच्या धोक्यापासून कायदा स्वतः वाचून हक्क मिळविण्यापर्यंतचा हा प्रवास आहे. शिक्षणाचे मोल याहून वेगळे काय सांगावे?

म्हणून मित्रहो, प्रवेशअर्जावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा जंगलाच्या नाक्यावर 'राखीव' हा शब्द दिसला की नुसता अर्थ पाठ करून पुढे जाऊ नका. कोणासाठी आणि कोणापासून, हे दोन प्रश्न विचारा. आणि त्याखालचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचा. घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही तो वाचून दाखवा. मुदत बहुधा त्याच मजकुरात दिलेली असते.