मित्राची गोष्ट, पण सांगतंय कोण?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या एका प्रकरणाच्या कडेला गाईडनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'हे तुला कुणी सांगितलं?' आज तोच प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आलं. दिग्दर्शक विनय आपटे, आणि सुमित्रा ऊर्फ 'मित्रा' झाल्या रोहिणी हट्टंगडी. पुढे तेंडुलकरांच्या कथेवर रवी जाधवांनी 'मित्रा' हा लघुपट केला. त्याला २०१४ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो 'बायोस्कोप'मधून थिएटरात पोचला.

नाटकाचा सांगाडा बघा, अगदी विनोदी नाटकाचा आहे. बापूचं प्रेम मित्रावर, मित्राचं नमावर, आणि नमाच्या आयुष्यात दळवी. विनोदी नाटकात शेवटच्या अंकात जोड्या जुळतात. इथे जुळत नाहीत. मित्रा जीव देते.

आता माझी चूक सांगतो. मी सरळ लिहिलं होतं, 'मित्रा स्वतःला अशी समजते.' पण नाटकाचा निवेदक बापू आहे. मित्रा आपलं मन त्याच्यापाशी मोकळं करते, नमाला भेटायला त्याचीच खोली वापरते. म्हणजे मित्राबद्दल आपल्याला जे कळतं ते तिच्यावर एकतर्फी प्रेम करणाऱ्या माणसाकडून. त्याची माया खरी आहे, त्याची जखमही खरी आहे. मी दोन्ही विसरलो होतो.

मग असं साधन टाकून द्यायचं का? अजिबात नाही, कारण दुसरीकडे फार काही हाती लागत नाही. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले. पण त्या कलमाची भाषाच अशी होती की खटले मुख्यतः पुरुषांवर झाले. मित्रासारखी बाई कोर्टाच्या कागदांत शोधायला गेलात तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल. आणि कागद नाही म्हणजे माणूस नव्हतं, असं होत नाही.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके मुंबईहून कंपनी घेऊन इथे आले. त्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही तेच. लोकांनी तो चित्रपट गर्दी करून पाहिला. तेंडुलकरांची मित्रा कॉलेजच्या नाटकात नमासमोर पुरुषाची भूमिका करते आणि तिथूनच तिचं प्रेम सुरू होतं. वेश बदलणं रंगमंचावर चालतं. पडद्यामागे तेच मन उरलं की चालत नाही. 'त्या काळी समाज असाच होता' असं एका वाक्यात उरकण्याआधी हा फरक नोंदवा.

करायचं काय? वहीत दोन रकाने आखा. एकात मित्रा काय करते, दुसऱ्यात बापूला काय वाटतं. मग बापूचं वाक्य मित्राच्या नावावर टाकण्याआधी हात आपोआप थांबतो. ती स्वतः बोलायला आता येणार नाही. निदान आपण तरी तिच्या तोंडी शब्द घालू नयेत.