खुंट्याभोवती : वस्तू फिरवण्याची कुळकथा

बावधनात जमीन सरळ सापडत नाही. एका अंगाला एनडीएच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला राम नदीचा ओघळ आणि मधून मुळशीकडे जाणारा रस्ता. प्लॉट पडलेत ते उताराच्या कलाने. त्यामुळे इथलं घर संगणकावर उभं करायला घेतलं की पहिल्या दिवसापासून फिरवाफिरवी सुरू होते. घर फिरवा, जिना फिरवा, दार फिरवा. घरांची मॉडेलं करणं हाच माझा व्यवसाय असल्याने ही आज्ञा मी दिवसातून शंभरदा देत असेन. ती कुठून आली, हा प्रश्न मात्र मला पडला तो एका कौलामुळे.

घर छोटंसं होतं, मंगलोरी कौलांचं. प्लॉट उत्तर-दक्षिण रेषेपासून सतरा अंश कललेला, छपराचा उतार तीस अंशांचा. सॉफ्टवेअरच्या तयार संग्रहात मनासारखं कौल मिळेना, म्हणून मी खरं कौल टेबलावर ठेवून, मापं घेऊन, स्वतःच एक कौल घडवलं. नकाशात ते हवं तसं फिरलं. त्रिमितीत पाहिलं तर प्रत्येक कौल जमिनीला समांतर! उतरतं छप्पर पायऱ्या पायऱ्यांचं दिसत होतं. घडवलेली वस्तू त्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त उभ्या अक्षाभोवती वळत होती, भोवऱ्यासारखी. तिला कलता येत नव्हतं. दोन रात्री त्यात गेल्या. त्या दोन रात्रींत मला कळलं की फिरवणं म्हणजे काय हेच मी कधी नीट विचारात घेतलं नव्हतं.

फिरवणं म्हणजे आधी काय हलणार नाही ते ठरवणं. या आज्ञेचं सगळं कूळ त्या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

घरातलं जातं आठवा. खालचा दगड स्थिर, मधोमध रोवलेली मेख स्थिर, वरचा दगड तिच्याभोवती फिरतो आणि त्याला फिरवणारा खुंटा कडेला असतो. संगणकातली फिरवण्याची आज्ञा याच क्रमाने बोलते. आधी विचारते, मेख कुठे ठोकू? मग विचारते, खुंटा कुठे धरू? आणि शेवटी, किती ओढू? केंद्र, सुरुवातीची दिशा आणि कोन. यातलं पहिलं उत्तर चुकलं की पुढची दोन बरोबर असूनही वस्तू भलतीकडे जाऊन पडते.

जमिनीवर हीच मेख फार पूर्वी ठोकली गेली. शुल्बसूत्रं ही यज्ञवेदी बांधण्याची सूत्रं. शुल्ब म्हणजे दोरी. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्व दिशा शोधण्याची रीत सांगितली आहे. सपाट जमिनीवर शंकू म्हणजे खुंटी रोवायची. तिच्या उंचीएवढी दोरी घेऊन तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर जिथे शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की प्राची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. सूर्य फिरला, सावली फिरली, खुंटी हलली नाही, म्हणून दिशा सापडली.

बावधनच्या साइटवर आजही लाइनआउट होतं ते दोरी आणि खुंट्यांनीच. मिस्त्री तीन, चार आणि पाच फुटांच्या दोऱ्या ताणून काटकोन साधतात, मग फक्की मारतात. आणि एक गंमत पाहा. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमध्ये कोन मोजायला सुरुवात होते ती मुळात पूर्वेकडून. पूर्व म्हणजे शून्य अंश आणि तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने, कोन वाढत जातो. हे वेदीवरून आलेलं नाही. आलेखाचा आडवा अक्ष उजवीकडे जातो आणि नकाशात उजवीकडे पूर्व असते, एवढंच त्याचं कारण. तरीही प्राची शोधून कामाला लागणाऱ्या त्या जुन्या माणसांना हा पडदा परका वाटला नसता, असं मला वाटतं.

दोरीने फिरवता येतं, पण फिरलेला बिंदू नेमका कुठे पोचला ते आकड्यात सांगायचं तर दोरी पुरत नाही. इथे या कुळातला दुसरा पुरुष येतो, आणि त्याचं नाव आपण शाळेत रोज घेत होतो. वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला मराठी पुस्तकात जीवा म्हणतात. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा म्हणजे धनुष्य, त्याला ताणलेली दोरी म्हणजे ज्या. ४९९ साली आर्यभटाने आर्यभटीयात अर्ध्या ज्यांचं कोष्टक दिलं. पूर्ण दोरीऐवजी अर्धी घेतली की हिशेब सोपा होतो, हे आपल्याकडच्या गणितींनी ओळखलं होतं. पुढे ज्या म्हणजे ही अर्धीच. जीवा हा शब्द अरबीत गेला तो ‘जीब’ होऊन. अरबी लिहिताना स्वर गळतात, त्यामुळे पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीपाशी पडणारी चुणी. हिंदीतली खिशाची जेब तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घडीचा शब्दशः अर्थ घेतला आणि ‘सायनस’ लिहिलं. त्याचाच झाला साइन. आज कोणीही संगणकावर खुर्ची फिरवतो तेव्हा यंत्र आतल्या आत साइन आणि कोसाइन काढतं. म्हणजे धनुष्याची दोरीच ताणतं.

वर्तुळाच्या त्रिज्येतही हीच ज्या बसलेली आहे. त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या. एक रास तीस अंशांची, तीन राशी म्हणजे नव्वद अंश, आणि नव्वद अंशांची ज्या वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाएवढी. शाळेत आपण हा शब्द पाठ केला. त्याच्या पोटात एवढं गणित आहे हे मला फार उशिरा समजलं.

आता खरा प्रश्न. बिंदू आधीच एका कोनावर आहे. त्याला आणखी काही अंश फिरवला, तर नव्या कोनाची ज्या किती? दोन कोनांची बेरीज करणं सोपं, पण त्यांच्या ज्यांची सरळ बेरीज करून भागत नाही. तीस अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी असते. साठ अंशांची ज्या दुप्पट म्हणजे पूर्ण त्रिज्येएवढी असायला हवी होती, पण ती तेवढी नसते. याचं उत्तर भास्कराचार्यांनी स्वच्छ शब्दांत मांडलं. ११५० साली पुऱ्या केलेल्या सिद्धांतशिरोमणीत ज्योत्पत्ती हे प्रकरण आहे, म्हणजे ज्यांची उत्पत्ती. त्यातली रीत अशी : पहिल्या कोनाच्या भुजज्येला (म्हणजे साइनला) दुसऱ्याच्या कोटिज्येने (कोसाइनने) गुणा, दुसऱ्याच्या भुजज्येला पहिल्याच्या कोटिज्येने गुणा, दोन्ही गुणाकारांना त्रिज्येने भागा. त्यांची बेरीज ही कोनांच्या बेरजेची ज्या, वजाबाकी ही कोनांच्या फरकाची. तिरका गुणाकार करण्याच्या या रीतीला समासभावना आणि अंतरभावना अशी नावं आहेत. जगात इतरत्रही हे ज्ञान वेगळ्या वाटांनी पोचलं होतं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या जीवांच्या सिद्धांतातून हाच निष्कर्ष निघतो. पण आज कोणत्याही सॉफ्टवेअरचा तळ उकरला तर फिरवण्याच्या आज्ञेखाली चार गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी सापडते. बेरीज समासभावनेची असते.

या भास्कराचार्यांचं नाव आपल्या मातीत दगडावर कोरलेलं आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे, सह्याद्रीच्या पायथ्याशी पाटणादेवीच्या देवळात, १२०७ सालचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापल्याचं त्यात नोंदलं आहे. नातवाने आजोबांच्या गणितासाठी शाळा काढावी, ही गोष्ट मला नेहमी हलवून जाते.

यानंतर बराच काळ वास्तुरेखनातलं फिरवणं कागदावरच राहिलं. ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर आणि सेट स्क्वेअर. नेहमी लागणाऱ्या वस्तूंसाठी प्लास्टिकच्या स्टेन्सिली : दार, कमोड, सोफा. स्टेन्सिल वळवली की वस्तू वळली. अख्खी खोलीच फिरवायची असेल तर ट्रेसिंग कागदावर ती उतरवायची, कोपऱ्यात टाचणी टोचायची आणि कागद टाचणीभोवती वळवायचा. जात्याची मेख आता टाचणी झाली होती.

जानेवारी १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलंडने स्केचपॅड हा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर तो प्रकाशाच्या लेखणीने चित्र काढत असे. त्याने एक मूळ चित्र आणि त्याच्या कितीही प्रती अशी रचना केली. प्रत म्हणजे पुन्हा काढलेलं चित्र नव्हे. ती कुठे आहे, किती मोठी आहे आणि किती फिरली आहे एवढंच सांगणारे चार आकडे. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलतात, आणि प्रत्येकीचा कोन मात्र तिचाच राहतो. स्टेन्सिलला आलेली ही अक्कल होती. घडवलेल्या वस्तूंचे आजचे सगळे संग्रह इथूनच सुरू होतात.

हंगेरीत बुडापेस्टला १९८२ साली ग्राफिसॉफ्ट सुरू झालं. त्याच्या आर्किकॅडमध्ये वस्तू घडवण्यासाठी जीडीएल नावाची स्वतंत्र भाषा आहे. तिच्यात तीन अक्षांभोवती फिरवण्याच्या आज्ञा आहेत : रॉटएक्स, रॉटवाय, रॉटझेड. प्रत्येक अक्षासाठी एक. या भाषेत वस्तू फिरत नाही. वस्तूखालचे अक्ष फिरतात आणि पुढची वस्तू त्या फिरलेल्या भूमीवर मांडली जाते. एकामागून एक आज्ञा दिल्या की त्या साठत जातात, आणि डेल म्हटलं की शेवटची मागे घेतली जाते.

म्हणूनच क्रमाला महत्त्व येतं. काड्यापेटी घ्या, चित्र वर करून टेबलावर ठेवा. आधी ती आपल्याकडे पाडून उभी करा, म्हणजे चित्र तुमच्याकडे तोंड करेल. मग वरून पाहता घड्याळाच्या उलट पाव फेरा द्या. चित्र उजवीकडे पाहील. आता उलट क्रम. सपाट पेटीला आधी पाव फेरा द्या, मग आपल्याकडे पाडा. चित्र तुमच्याकडेच पाहतंय. हालचाली त्याच दोन, मुक्काम वेगळा. आणि तरीही १७७५ साली ऑयलरने दाखवलं की वस्तूचा एक बिंदू स्थिर ठेवून तिला कितीही वेळा, कशीही फिरवा, त्या सगळ्याचा परिणाम एका अक्षाभोवतीच्या एकाच फेऱ्याएवढा असतो. म्हणजे कितीही उलथापालथ झाली तरी एक रेषा जागेवर राहतेच.

अमेरिकेत २००० साली आलेल्या रेव्हिटमध्ये घडवलेल्या वस्तूला फॅमिली म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत कूळच. त्यात एक छोटा पर्याय आहे : नेहमी उभं. तो निवडला तर वस्तू उतारावर ठेवली तरी ताठ राहते. काढून टाकला तर उताराबरोबर कलते. टेकडीवरचं झाड पाहा. जमीन कितीही उतरती असो, ते आकाशाकडेच वाढतं. कौल उताराचंच होतं. कोणत्या वस्तूने कोणाचं ऐकायचं, जमिनीचं की गुरुत्वाकर्षणाचं, हे ठरवणं माणसाच्या हाती ठेवलं आहे.

माझं कौल अखेर सुटलं ते साइटवर. कौलारू काम करणारे एक वयस्क मिस्त्री शिडीवर होते. मी त्यांना पडद्यावरचं चित्र दाखवून अडचण सांगितली. त्यांनी एक कौल उलटं केलं आणि पोटाकडच्या वरच्या कडेचा उंचवटा बोटाने दाखवला. म्हणाले, “सर, कौल उतारावर ठेवलेलं नसतं. ते इथून रिपेला अडकलेलं असतं. बाकीचं अंग मागाहून खाली टेकतं.”

मी मेख कौलाच्या मधोमध ठोकली होती, कारण मोजायला ते सोयीचं होतं. कौलाची मेख त्या उंचवट्यात होती. १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनच्या कारखान्यात ही कौलं निघू लागली, तेव्हापासून ती अशीच अडकून राहिली आहेत. घरी येऊन मी वस्तूचा मूळबिंदू मध्यातून काढून त्या उंचवट्याशी नेला. जीडीएलमध्ये दोन ओळी लिहिल्या. आधी उभ्या अक्षाभोवती सतरा अंश, प्लॉटसाठी. मग वळलेल्या आडव्या अक्षाभोवती तीस अंश, उतारासाठी. हाच क्रम उलटा लिहिला असता तर कौल उतरतं झालं असतं, पण त्या उतारातच वाकडं बसलं असतं.

पहिली रांग रिपेवर बसली. मग दुसरी, मग सगळं छप्पर. सकाळी मिस्त्रींना ते चित्र दाखवलं, तर त्यांनी आधी छपराकडे पाहिलंच नाही. चित्र मोठं करायला लावून रिपेपाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, “हां, आता बरोबर अडकलंय.”