स्थिर बिनतारी इंटरनेट सेवा, वऱ्हाडातील

एका जागी कायम बसविलेल्या केंद्रांमध्ये रेडिओ तरंगांच्या साहाय्याने इंटरनेटची जोडणी करून देणारी व्यवस्था. भ्रमणध्वनी सेवेत ग्राहक फिरता असतो. या सेवेत त्याचा आकाशक, म्हणजे अँटेना, घराच्या छपरावर किंवा खांबावर एका ठराविक मनोऱ्याच्या दिशेने रोखलेला असतो. त्यामुळे तरंगांची शक्ती एका दिशेत एकवटते आणि अल्प शक्तीच्या प्रेषकानेही काही किलोमीटर अंतर गाठता येते. प्रत्येक घरापर्यंत तार वा प्रकाशीय तंतू नेणे ज्यास परवडत नाही, अशा लहान सेवादात्यास ही पद्धत विशेष सोयीची ठरते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत तिच्यासाठी साधने निवडण्याचा प्रश्न भूरचना, कंप्रतांच्या वापराचे नियम आणि दुरुस्तीची सोय या तीन गोष्टींशी निगडित आहे.

पार्श्वभूमी : मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. तो पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यातून अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा यांवरून गेला. त्याच्याबरोबर आलेल्या तारायंत्रामुळे वऱ्हाडातील कापसाच्या बाजारपेठांचा मुंबईशी त्वरित संपर्क होऊ लागला. पुढे प्रकाशीय तंतूंनीही मुख्यत्वे हीच पूर्व-पश्चिम वाट धरली. २००० मध्ये स्थापन झालेली रेलटेल ही सरकारी कंपनी लोहमार्गालगतच्या तंतूंवरील क्षमता सेवादात्यांना पुरविते. परिणामी या रेषेवरील शहरांत इंटरनेटची घाऊक क्षमता मिळू शकते. उत्तरेकडील मेळघाट व दक्षिणेकडील पातूर–बार्शीटाकळीचा डोंगराळ भाग यांच्यापर्यंत ती पोहोचविणे हीच खरी अडचण होय.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने हे क्षेत्र खाजगी उद्योगास खुले झाले. परवान्याचे अ, ब व क असे तीन वर्ग ठरले. त्यांपैकी क वर्गाचा परवाना एका दूरध्वनी जिल्ह्यापुरता असल्याने जिल्ह्याच्या गावचा उद्योजकही सेवादाता होऊ शकला.

साधनांचा विकास : मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने १९९० नंतरच्या दशकात ‘कॉरडेक्ट’ ही व्यवस्था विकसित केली. तिच्यात दूरध्वनीबरोबरच दर सेकंदास ३५ ते ७० किलोबिट वेगाने इंटरनेट मिळे. त्यानंतर आलेली ‘वायमॅक्स’ प्रणाली बरीच अधिक वेगवान होती. परंतु जगातील मोठे उत्पादक एलटीई या भ्रमणध्वनी प्रणालीकडे वळल्यावर तिची साधने व सुटे भाग दुर्मिळ झाले. याउलट मूळ घरगुती वापरासाठी असलेले ‘वाय-फाय’ मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे स्वस्त होत गेले. त्याच्याच विद्युत्‌ मंडलांवर आधारलेली बाह्य वापराची साधने युबिक्विटी, मिक्रोटिक, कॅम्बियम यांसारख्या कंपन्यांनी बाजारात आणली. लहान सेवादात्यांचा भर प्रामुख्याने या साधनांवर राहिला आहे.

नियम : जानेवारी २००५ मध्ये २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्टा घराबाहेरील वापरासाठी परवानामुक्त झाला. जानेवारी २००७ मध्ये ५·८२५ ते ५·८७५ गिगॅहर्ट्‌झ एवढा अरुंद पट्टा मोकळा करण्यात आला. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगॅहर्ट्‌झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचे पट्टे परवानामुक्त झाले. परवानामुक्ती म्हणजे संरक्षण नव्हे. शेजारच्या सेवादात्याच्या तरंगांचा व्यत्यय आल्यास तक्रारीस आधार नसतो. म्हणून एकाच वस्तीत दोन सेवादाते असल्यास परस्परांत कंप्रता वाटून घेणे दोघांच्याही हिताचे असते. शहरांत २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्टा घराघरांतील साधनांनी गजबजलेला असतो. त्यामुळे बाह्य जोडणीसाठी ५ गिगॅहर्ट्‌झची साधने पसंत केली जातात.

भूरचना व तरंगमार्ग : पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटी या सेवेस अनुकूल आहे. ३० मी. उंच मनोरा व ६ मी. उंचीवरील आकाशक यांच्यात, मध्ये अडथळा नसल्यास, सु. ३२ किमी.पर्यंत दृष्टिरेषा मिळू शकते. परंतु केवळ दृष्टिरेषा पुरत नाही. ५·८ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या १० किमी. जोडणीत मध्यबिंदूपाशी रेषेभोवती सु. ७ मी. जागा मोकळी लागते. कडुनिंब, आंबा यांसारखी झाडे त्या जागेत वाढली की उन्हाळ्यात नीट चालणारी जोडणी पावसाळ्यात, पालवी व ओल वाढल्यावर, क्षीण होते. मेळघाटात डोंगर व दाट वन यांमुळे दृष्टिरेषाच तुटते. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात तंतूसाठी खोदाई करण्यास वा मनोरा उभारण्यास वनविषयक परवानग्याही लागतात.

हरिसाल व पालघर : वनप्रदेशासाठी दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या वाहिन्या वापरण्याची कल्पना पुढे आली. ५०० मेगॅहर्ट्‌झचे तरंग झाडी व उंचसखलपणा यांना ५ गिगॅहर्ट्‌झच्या तरंगांहून कमी अडतात. मुंबई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत अभय करंदीकर यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात (२०१४) भारतात ४७० ते ५९० मेगॅहर्ट्‌झमधील १५ पैकी किमान १२ वाहिन्या जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आढळल्या. या गटाने पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात सात गावांत प्रयोग केला. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील हरिसाल या कोरकूबहुल गावी राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘डिजिटल गाव’ उपक्रमात (सु. २०१६) हेच तंत्र योजण्यात आले. तथापि या पट्ट्यासाठी केवळ प्रायोगिक परवाने मिळत होते. नियमित सेवेची मुभा नसल्याने साधनांची बाजारपेठ वाढली नाही व किंमती उतरल्या नाहीत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात हरिसालमधील सोयींची प्रत्यक्ष स्थिती जाहीर वादाचा विषय झाली. मुंबईच्या गटाने पालघरमधील २५ गावांच्या पुढील प्रयोगात ५·८ गिगॅहर्ट्‌झच्या सर्वत्र मिळणाऱ्या साधनांचाही उपयोग केला. वनप्रदेशास तत्त्वतः योग्य असे साधन लहान सेवादात्यास प्रत्यक्षात उपलब्ध असतेच असे नाही, हे या दोन्ही प्रयोगांतून स्पष्ट झाले.

निवडीची तत्त्वे : मुख्य मनोऱ्यास क्षमता आणणारी जोडणी व ग्राहकांना सेवा देणारी साधने यांचा विचार वेगळा करावा लागतो. पहिलीसाठी अरुंद झोताचे तबकडीसारखे आकाशक, तर दुसऱ्यांसाठी ६०° ते १२०° व्यापणारे आकाशक वापरतात. सामान्य वाय-फायमध्ये प्रत्येक साधन मार्ग मोकळा आहे असे पाहून प्रेषण करते; दूरदूरच्या ग्राहकांना परस्परांचे तरंग ऐकू येत नसल्याने त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. यावर उपाय म्हणून मनोऱ्याने प्रत्येकास ठराविक वेळ वाटून देणारी साधने घेतात. मात्र अशी कालविभाजन पद्धती बहुधा त्या त्या उत्पादकाचीच असते. त्यामुळे एकदा निवड केल्यावर ग्राहकांची साधनेही त्याच उत्पादकाची घ्यावी लागतात.

वऱ्हाडात उन्हाळी तापमान ४५° सेल्सियसच्या वर जाते व उन्हातील बंद पेटीत ते आणखी वाढते. म्हणून साधनाची तापमर्यादा पाहणे अगत्याचे असते. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात मनोऱ्याचा पाया खोल घ्यावा लागतो आणि कोरड्या दिवसांत भूयोजनाचा, म्हणजे अर्थिंगचा, रोध वाढत असल्याने ते वेळोवेळी तपासावे लागते. मॉन्सूनपूर्व वादळांत विजेने साधने जळण्याचा धोका असतो, तर वीज खंडित झाल्यास घटमालेचा आधार लागतो. यासाठी एकूण खर्चात घटमाला, वीजसंरक्षण व हाताशी ठेवावयाचे जादा संच यांची तरतूद प्रथम करणे इष्ट असते.

२०२३ पासून जिओ व एअरटेल या कंपन्यांनी पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनी जालावर स्थिर बिनतारी सेवा सुरू केली. त्यांच्याजवळ परवान्याने राखीव कंप्रता असल्याने शहरांत लहान सेवादात्यांपुढे स्पर्धा उभी राहिली. ज्या गावांत ग्राहक विरळ असल्याने मोठ्या कंपनीस मनोरा परवडत नाही, तेथे वादळानंतर त्याच दिवशी दुरुस्तीस पोहोचणारा स्थानिक सेवादाता हाच या सेवेचा मुख्य आधार ठरतो.