स्टेजवर बसलेल्याला काय ऐकू येतं?

आजचा भाग वादकाच्या कानांबद्दल आहे, प्रेक्षकाच्या नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी तबल्यावर होतो. समोर हॉल खूश, पण मला शेजारची हार्मोनियमच ऐकू येईना. अंदाजाने ठेका धरला. वाटलं, आपलाच रियाज कमी. (होताच म्हणा.)

आता १९६२. न्यूयॉर्कचा फिलहार्मोनिक हॉल उघडला. ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक, ज्यांनी जगभरचे पन्नासहून जास्त हॉल अभ्यासले होते. तरी वादक म्हणाले, आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही! १९७६ मध्ये आतला सगळा भाग तोडून नव्याने बांधला.

हॉल मोजणं नवीन नव्हतं. हार्वर्डचे वॉलेस सबीन १८९५ पासून रात्री जागून, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती सेकंद घुमतो ते मोजत होते. पण पुढेही बहुतेक मोजणी प्रेक्षकांच्या बाजूनेच होत राहिली.

स्टेजचं माप दिलं डेन्मार्कच्या अँडर्स क्रिश्चन गेड यांनी, १९८०च्या दशकात. स्टेजवर स्पीकर, त्यापासून फक्त १ मीटरवर माइक. पहिल्या १० मिलिसेकंदांत थेट आवाज. २० ते १०० मिलिसेकंदांत भिंती-छतावरून परतलेला. थेटच्या मानाने परतलेला किती, ते डेसिबलमध्ये. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे २० मिलिसेकंदांत जाऊन-येऊन सात मीटर. भिंत साडेतीन मीटरवर. याला म्हणतात 'स्टेज सपोर्ट'. आज ते आयएसओच्या मानकातही आहे.

पण यात एक बग आहे. हा माइक सगळीकडून सारखंच ऐकतो. बाजूच्या भिंतीचा आवाज आणि छताचा आवाज एकाच आकड्यात गडप! येन्स डॅमरूड यांच्या २००९ च्या पीएचडीत नेमका हाच फरक महत्त्वाचा ठरला: वादकांना अरुंद आणि उंच स्टेज बरे वाटतात. छत खाली आलं की ट्रम्पेट-ड्रमचा दणका वाढतो, व्हायोलिन दबतं.

दिशा कळायला लागते चार माइकांची जुळणी. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये मायकेल गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांनी ती केली. यूट्यूबच्या ३६० व्हिडिओत मान वळवली की आवाज फिरतो ना, त्यामागे हेच गणित. आता ३२ माइक बसवलेले गोळेही आहेत. खालून वर चढत जाणारा एक लांब सूर वाजवायचा. कुठला परतलेला आवाज कुठून, कधी आला, ते सॉफ्टवेअर काढतं.

फक्त, हे सगळं बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्यांमध्ये मोजतात. तिथे नव्वद माणसं बसली की आवाज अडतो, शोषला जातो. पण नव्वद वादकांना ती शिट्टी ऐकत तासभर गप्प बसवणार कोण?