पडीक रान आणि शिल्लक भात



आजच्या भाषणाचा विषय मोटारीचें इंधन हा आहे. परंतु त्याचा आरंभ मला रानांतील एका झाडापासून करावयाचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं पूर्वीच्या चांदा, म्हणजे आतांच्या चंद्रपूर, जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या दोन्ही जिल्ह्यांत फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें गळूं लागलीं, कीं पहाटे टोपली घेऊन रानांत गेलेलीं मुलें शाळेंत उशिरां येत, किंवा येतच नसत. शिक्षक या नात्यानें मी त्यांच्यावर पुष्कळ वेळां रागावलों. त्या फुलांवर त्यांच्या घरचें मीठमिरची चालत असे, हें मला फार उशिरां उमगलें.

मोहाचें फूल वाळवून खातात, गुरांना घालतात आणि त्याची दारूहि गाळतात. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत मध्यप्रांतांतील रानांत राहणाऱ्या लोकांना याच फुलांचा व कंदमुळांचा आधार झाला. परंतु सरकारच्या नजरेस त्यांतील दारू तेवढी भरली. मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. ज्या वस्तूचे चार उपयोग, तिचा एकच उपयोग कायद्यानें पाहावा, ही खोड जुनी आहे.

वनस्पतींवर मोटार चालविण्याची कल्पनाहि तशी जुनीच. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां लोणारी कोळशाच्या वायूवर मोटारी धांवल्या. १९४८ सालीं पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्याचा कायदा झाला. त्या वेळीं मुख्य भिस्त साखर कारखान्यांच्या मळीवर होती. आणि मळी कोणी पानांत वाढून घेत नाहीं. त्यामुळें अन्न कीं इंधन हा वाद तेव्हां उपस्थित झाला नाहीं.

अलीकडच्या धोरणाचा सारा भार मात्र दोन शब्दांवर आहे. त्यांतील पहिला शब्द ‘पडीक’. २००३ सालीं नियोजन आयोगाच्या समितीनें मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल काढण्याची शिफारस केली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणानें सांगितलें कीं, इंधनाचें पीक अखाद्य असावें व तें पडीक जमिनींतच घ्यावें. हेतु निःसंशय चांगला होता. परंतु पडीक कोणतें, हें कोणी ठरवावयाचें? पूर्व विदर्भांत ‘झुडपी जंगल’ नांवाची जमीन आहे. दप्तरांत ती बहुतेक निकामीच समजली गेली. प्रत्यक्षांत तेथें गांवचीं गुरें चरतात, चुलीचें सरपण मिळतें, आणि वन्य पशुपक्ष्यांना आसरा असतो. अखेर २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही वनजमीनच होय असा निर्णय दिला. तिकडे मोगली एरंडानेंहि देशभर निराशाच केली. हलक्या जमिनींत त्याचें रोप जगतें. परंतु पाण्यावांचून व खतावांचून भरघोस बी देत नाहीं.

दुसरा शब्द ‘शिल्लक’. २०१८ च्या धोरणानें खराब झालेल्या धान्याबरोबर शिल्लक धान्यापासूनहि इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली. एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीमुळें मजूर पायीं घरीं परतत असतांना, अन्न महामंडळाचा जादा तांदूळ त्यासाठीं देण्यास मान्यता मिळाली. २०२२ मध्यें, शेंकडा २० मिश्रणाची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर आणली गेली. परंतु जुलै २०२३ मध्यें महामंडळाचा तांदूळ थांबवावा लागला, आणि डिसेंबरांत उसाच्या रसावरहि बंधन आलें. पुढें दोन्ही वाटा पुन्हां खुल्या झाल्या. म्हणजे एका वर्षाची शिल्लक ही दुसऱ्या वर्षाची तूट ठरते.

शिक्षकाला गणितावांचून करमत नाहीं, म्हणून एक साधा हिशेब मांडतों. एक टन तांदळापासून सुमारें ४५० लिटर इथेनॉल निघतें. मोटारीची टांकी ४० लिटरची धरली, तर शेंकडा २० प्रमाणें त्यांत ८ लिटर इथेनॉल येतें. इथेनॉल ऊस व मका यांपासूनहि होतें; परंतु हें सारें तांदळाचेंच धरल्यास त्याला सुमारें १८ किलो तांदूळ लागेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सामान्यतः माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें. म्हणजे एक टांकी भरली, कीं साडेतीन माणसांचा महिन्याचा शिधा त्यांत गेला!

आमचे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही व मूल हे तालुके भाताचे. नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांनीं आपल्या लहानशा शेतांत निवडक लोंब्यांपासून ‘एचएमटी’ हा तांदळाचा वाण सिद्ध केला. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं तो शिजला असेल. एवढ्या कष्टानें पिकलेल्या भाताला शिल्लक म्हणतांना जीभ थोडी अडखळावी.

इंधन परदेशांतून आणावयाचें तर देशाचा पैसा बाहेर जातो, आणि उसाच्या शेतकऱ्याला इथेनॉलनें हातभार लागला आहे, हें मला मान्य आहे. म्हणून हें धोरणच नको असें माझें म्हणणें नाहीं. मळी, सडलेलें धान्य आणि शेतांतील तणस यांचें इंधन अवश्य व्हावें. क्रम मात्र चुकूं नये: आधीं पान, मग कोठार, आणि त्यानंतर टांकी.

तसेंच कोणतेंहि रान पडीक म्हणून लिहिण्यापूर्वीं तेथील माणसांस विचारावें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवाला २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळाला. तेथें रानासंबंधींचे निर्णय ग्रामसभा सर्वांच्या संमतीनें घेते. माझ्या शाळेंतल्या मुलांसहि मीं तेव्हां एकदां विचारावयास हवें होतें. त्यांना रानांतील प्रत्येक झाडाचा उपयोग ठाऊक होता. मला मात्र हजेरीपटावरील गैरहजेरीच दिसत होती.