खोलीबाहेरचा वर्तनोपचार

मुलांच्या वर्तनोपचाराच्या अगदी सुरुवातीच्या हकीकतींपैकी एक पीटर नावाच्या मुलाची आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी त्याच्यावर काम सुरू केले तेव्हा तो दोन वर्षे दहा महिन्यांचा होता. पांढरा ससा दिसला की तो आकांत करी. फरचा कोट, पीस, कापूस यांचीही त्याला धास्ती होती. जोन्सबाईंनी आधी त्याला सशाला न भिणाऱ्या मुलांबरोबर खेळायला बसवले आणि भीती हळूहळू ओसरू लागली. एवढ्यात पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि सुमारे दोन महिने रुग्णालयात गेले. तिथून निघताना तो नर्सबरोबर टॅक्सीत चढत होता, तोच एक मोठा कुत्रा दोघांच्या अंगावर झेपावला. कमावलेले सगळे तिथेच गेले. जोन्सबाईंनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. आता पीटर उंच खुर्चीत बसून आवडीचे खात असे, आणि त्याच्या खाण्यात खंड पडणार नाही इतक्याच अंतरावर सशाचा पिंजरा आणून ठेवला जाई. अखेरीस ससा बोटे कुरतडू लागला तरी तो स्वस्थ राही. ही हकीकत १९२४ साली छापून आली.

पुढे या क्षेत्राला अनेक दशके पुरलेला प्रश्न त्या टॅक्सीपाशीच उभा राहिला होता. खोलीत शिकलेली गोष्ट मूल रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये सोबत नेते का?

बराच काळ हा प्रश्न कोणी हाती घेतला नाही. जोसेफ वोल्पे यांच्या १९५८ सालच्या पुस्तकाने भीती पायरीपायरीने घालवण्याची पद्धत मोठ्यांच्या उपचारात रूढ केली. त्यानंतर १९६४ साली प्रसिद्ध झालेले डिकीचे प्रकरण मुलांच्या बाबतीत वळण देणारे ठरले. वॉशिंग्टन राज्यातल्या एका मनोरुग्णालयात असलेला हा साडेतीन वर्षांचा स्वमग्न मुलगा. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगे काढलेली होती. चष्मा लावला नाही तर नजर जाणार, आणि चष्म्याला तो हात लावू देत नसे. माँट्रोझ वुल्फ, टॉड रिझ्ली आणि हेडन मीस यांनी काचा नसलेल्या फ्रेमांपासून सुरुवात केली. फ्रेम उचलली की खाऊचा तुकडा, हातात धरली की तुकडा, डोळ्यांजवळ नेली की तुकडा. पुढे तो रोज सुमारे बारा तास चष्मा लावू लागला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ही हाताळणी आईवडिलांनाही शिकवली गेली, आणि डिकी घरी जाऊन येऊ लागला तेव्हा रुग्णालयातला परिचारक त्याच्याबरोबर गेला. उपचाराने उंबरठा ओलांडला तो असा.

त्याच सुमारास ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी कुटुंबांच्या घरी बसून नोंदी घेऊ लागले होते. त्यांनी दाखवलेले चक्र प्रत्येक आईवडिलांच्या ओळखीचे आहे. दुकानाच्या गल्ल्यापाशी मूल गोळीसाठी हट्ट धरते, आई नाही म्हणते, मूल लोळण घेते, मागची रांग बघू लागते, आणि आई गोळी हातात ठेवते. रडणे थांबते. मुलाला कळते की लोळण घेतली की गोळी मिळते. आईला कळते की गोळी दिली की सुटका होते. दोघेही एकमेकांना शिकवत असतात आणि पुढच्या खेपेला लोळण आणखी लवकर सुरू होते. दोष कोणा एकाचा नसतो, हे या मांडणीतून स्पष्ट झाले. ‘वळण लावता येत नाही’ हा ठपका मुकाट्याने सोसणाऱ्या आयांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

वुल्फ, रिझ्ली आणि डोनाल्ड बेअर कॅन्सस विद्यापीठात एकत्र आले. १९६८ साली त्यांनी उपयोजित वर्तनविश्लेषणाचे निकष मांडले. वर्तनातला बदल टिकला पाहिजे आणि निरनिराळ्या ठिकाणी दिसला पाहिजे, हा त्यातला एक. १९७७ साली बेअर यांनी ट्रेव्हर स्टोक्स यांच्यासह लिहिलेल्या निबंधात बजावले की शिकवायचे आणि बाहेरही तसेच होईल अशी आशा बाळगायची, एवढे पुरत नाही. बाहेरची सवय बाहेरच घडवावी लागते.

त्याच वर्षी मुलांना घेऊन बाहेर पडण्यावरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींचे ठिकाण सुपरमार्केट होते. एका अभ्यासात आयांना प्रत्यक्ष दुकानातच प्रशिक्षण दिले गेले. मूल आईच्या किती जवळ राहते आणि फळ्यांवरच्या मालाशी किती छेडछाड करते, हे मोजले गेले. दुसऱ्यात रिझ्ली आणि सहकाऱ्यांनी आईवडिलांसाठी लेखी सल्ला तयार केला. निघण्यापूर्वी नियम सांगायचे. मुलाच्या नावे थोडे पैसे ठरवायचे आणि नियम मोडला की त्यातले कापायचे. या सल्ल्याचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग मात्र गप्पांचा होता. हे फळ कुठले, या डब्यात काय आहे, असे मुलाशी बोलत राहायचे, म्हणजे बाजार ही त्याच्याही कामाची जागा होते. कंटाळलेले मूल हातपाय चालवणारच, हे त्यात मनापासून मान्य केलेले होते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातले मॅथ्यू सँडर्स आणि मार्क डॅड्स यांनी १९८२ साली हाच धागा पुढे नेला. गडबड होण्याची ठिकाणे आधीच हेरायची, जाण्यापूर्वी मुलाशी बोलायचे, हाताला काही उद्योग द्यायचा आणि घरी परतल्यावर काय चांगले झाले ते सांगायचे, असा त्यांचा क्रम होता. तो पुढे पालकांसाठीच्या प्रशिक्षणांत रुजला.

एक प्रश्न तोवर मागे राहिला होता: मूल असे का वागते? बाल्टिमोरमध्ये ब्रायन इवाटा यांनी १९८२ साली परिस्थिती पद्धतशीर बदलून वर्तनामागचे कारण शोधण्याची रीत मांडली. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवले की लक्ष हवे असणाऱ्या किंवा काम अवघड जाणाऱ्या मुलाला ते शब्दांत मागायला शिकवले की आदळआपट कमी होते. उत्तर कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांच्या कार्यक्रमातल्या चित्रांच्या वेळापत्रकांनी बोलता न येणाऱ्या मुलांची सोय केली. आधी बस, मग दुकान, मग घर, अशी चित्रे हातात असली की पुढे काय होणार याची धाकधूक उरत नाही.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोव्हास यांनी स्वमग्न मुलांवर चापट आणि विजेचा झटकाही वापरला. मुलांना त्यातून काय सोसावे लागले हे कोणत्याही आलेखात उतरले नाही. १९९० नंतर स्वमग्न प्रौढ स्वतः लिहू-बोलू लागले. मूल शांत दिसणे म्हणजे ते सुखात असणे नव्हे, हे त्यांनी ठामपणे सांगितले आणि ते खरे होते. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आवाज, प्रकाश, स्पर्श यांबद्दलची तीव्र किंवा मंद प्रतिक्रिया स्वमग्नतेच्या निकषांत आली. दुकानातल्या दिव्यांखाली कान झाकून बसलेले मूल हट्ट करत नसेल, त्याला ते सहन होत नसेल, या समजुतीला आता अधिकृत आधार मिळाला.

याच सुमारास मुलाबरोबर जागाही बदलू लागली. ब्रिटनमध्ये २०१७ साली काही दुकानांनी ठरावीक तासाला संगीत बंद आणि दिवे मंद ठेवायला सुरुवात केली. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६पासून न दिसणारे अपंगत्व असणाऱ्यांना सूर्यफुलांचे चित्र असलेली गळ्यातली पट्टी मिळू लागली. बोस्टनच्या विमानतळावर तर २०११पासून रंगीत तालीमच होऊ लागली. मुले आईवडिलांबरोबर रांगेत उभी राहतात, सामान तपासू देतात, विमानात चढून पट्टा बांधतात. विमान जागचे हलत नाही. थोड्या वेळाने सगळे उतरून घरी जातात.